पायउतार: यमुनेच्या खादराची ओळख



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी कधी बसलो नाही. मी दिल्लीला आलो तेव्हा ते निवृत्त झाले होते. पण त्यांचे विद्यार्थी माझ्या कचेरीत होते, आणि त्यांतल्या एकाने सांगितलेली गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. भूगोलाच्या तासाला नकाशा काढायचा तर मास्तरांचा हट्ट असे की खडू आधी पाण्यावरून फिरला पाहिजे. आधी नदी, मग नाले, मग चढउतार, आणि सगळ्यात शेवटी गाव. एखाद्या पोराने फळ्यावर आधी लाल किल्ला काढला की ते डस्टर फिरवत आणि म्हणत, "किल्ला कुठे पळत नाही. नदी पळते. तिला आधी धर."

आज मी तोच क्रम पाळणार आहे. आपण दिल्लीतले मराठी लोक इतिहास काढला की सरळ तख्तापाशी जातो. 1737 ला बाजीराव आले, 1771 ला महादजींनी दिल्ली घेतली, बादशहाला परत आणून बसवले, वगैरे. हे सगळे खरे आहे. पण ते सगळे ज्या जमिनीवर घडले तिच्याकडे आपण बघत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की दिल्लीच्या आसपास मराठ्यांचे जे काही झाले, चांगले किंवा वाईट, त्यातले बरेचसे किल्ल्यात ठरलेच नाही, ते नदीच्या वाळूत ठरले.

आधी जमीन. जुन्या महसुली कागदांत दिल्लीच्या जमिनीचे चार प्रकार सांगतात: कोही, बांगर, डाबर आणि खादर. कोही म्हणजे डोंगराळ, आपली रिज. अरवलीची ही शेवटची शेपटी गुरगावकडून येते, शहरातून आडवी-तिडवी जाते आणि उत्तरेला वजिराबादपाशी नदीच्या काठावर संपते. बांगर म्हणजे उंचावरची जुनी, घट्ट झालेली गाळाची जमीन. शहरे बांगरावर वसतात. डाबर म्हणजे नजफगढकडचा सखल, पाणी धरून ठेवणारा भाग. आणि खादर म्हणजे नदीने कालपरवा आणून टाकलेली माती. आपल्याकडे कृष्णाकाठी जिला मळई म्हणतात तिची ही उत्तरेतली बहीण, फक्त फार मोठी आणि फार लहरी.

पल्ल्यापासून जैतपूरपर्यंत यमुना दिल्लीच्या हद्दीतून साधारण 48 किलोमीटर वाहते. तिच्या एकूण 1376 किलोमीटरच्या लांबीपुढे हे काहीच नाही. त्यातही शहराची खरी नदी वजिराबाद ते ओखला, म्हणजे 22 किलोमीटर. वजिराबादचा बराज 1959 चा. तिथे पिण्यासाठी पाणी उचलले जाते आणि खाली जे वाहते ते बरेचसे नजफगढ नाल्याचे. उन्हाळ्यात पुलावरून जाताना आपण गाडीच्या काचा वर करतो, त्याचे कारण हे. नाल्यांवर आणि फेसावर पुष्कळ लिहून झाले आहे. मी आज त्या वाटेने जात नाही.

खादराचा स्वभाव समजून घ्यायचा तर जुलै 2023 आठवा. जुन्या लोखंडी पुलापाशी, ज्याला इथले लोक लोहे का पुल म्हणतात, तिथे पाण्याची पातळी मोजतात. धोक्याची खूण 205.33 मीटरवर आहे. 1978 च्या महापुरात पाणी 207.49 पर्यंत गेले होते, आणि 13 जुलै 2023 ला ते 208.66 वर पोचले. नाशिकचे जे कोणी इथे बसले आहेत त्यांना कळेल: गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अवयवाला लागला यावर जसा मोजतात, तसा दिल्लीचा लोहे का पुल. हा पूल 1867 पासून रेल्वे वाहतो आहे. हरियाणात हथनीकुंडला पाणी सोडले की साधारण दोन-तीन दिवसांनी ते इथे येते. त्या जुलैत तीन दिवस सगळी दिल्ली रेल्वे स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघावी तशी पाण्याची वाट बघत होती.

मग ते आले. लाल किल्ल्याच्या मागच्या भिंतीपर्यंत आले. टीव्हीवर सगळे म्हणत होते की पाणी शहरात घुसले. माझ्या मते ते घुसले नव्हते, घरी आले होते. शाहजहानने किल्ला बांधला तेव्हा यमुना त्या भिंतीच्या पायाशी वाहत होती. बादशहा झरोक्यात बसायचा, आणि लोक खाली वाळवंटात उभे राहून त्याला बघायचे. नंतर नदी पूर्वेला सरकली आणि रिकाम्या जागेत आपण रिंग रोड घातला.

आता एक शब्द, ज्याचे मी व्याख्यानाला नाव दिले आहे. पायउतार. आजच्या वर्तमानपत्रात मंत्री पायउतार होतात. जुन्या मराठीत नदी पायउतार होते. म्हणजे पाणी इतके ओसरते की माणूस पायी, घोडा न पोहता, पलीकडे जातो. ज्या जागी असे जाता येते तो उतार. आपल्या दक्षिणेतल्या नद्या बहुतेक खडकावरून वाहतात, त्यामुळे भीमेचा किंवा कृष्णेचा उतार आजोबांनी दाखवला तो नातवालाही तिथेच सापडतो. यमुनेचा तळ वाळूचा. दर पावसाळ्यात ती पात्र हलवते, बेटे टाकते, जुनी बेटे खाते. गेल्या वर्षीचा उतार यंदा डोह असू शकतो. म्हणून इथे उतार ठाऊक असणे ही दरवर्षी नव्याने मिळवायची विद्या आहे, आणि ती फक्त काठावर राहणाऱ्याकडे असते.

ही विद्या आपल्याकडे नव्हती. 1737 च्या मार्चमध्ये मल्हारराव होळकर यमुना ओलांडून अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबात, गेले, अवधच्या सादतखानाने त्यांना मागे रेटले आणि परतताना बरीच माणसे नदीत गेली. बाजीरावांनी मग नदीचा नाद सोडला. ते पश्चिमेकडून, कोरड्या बाजूने आले. कालकाजीच्या देवळाजवळ आणि तालकटोऱ्याच्या बाजूला त्यांचा तळ पडला. म्हणजे कोहीवर, रिजच्या पायथ्याशी. 2025 च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियममध्ये मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा बाजीरावांचे नाव अनेकांनी घेतले. बाजीरावांनी मुक्कामाला जागा किती नेमकी निवडली होती हे मात्र कोणी बोलले नाही. पाठीला खडक, पायाखाली कोरडे रान, जवळ तलाव, आणि दोनतीन दिवसांत निघून जायला राजपुतान्याची वाट मोकळी. नदीचा संबंधच नाही. ती मोहीम यशस्वी झाली.

आता बुराडी.

वजिराबादच्या वर, जिथे रिज संपते, तिथून पुढे पश्चिम काठावर जगतपूर, बुराडी, झडोदा ही गावे आहेत. आज त्यांना गावे म्हणणे म्हणजे थट्टाच. संत नगरच्या गल्ल्यांतून ई-रिक्षा अंग चोरून जाते. पण जगतपूरच्या बांधावर चढलात आणि यमुना बायोडायव्हर्सिटी पार्कच्या पलीकडे पाहिलेत तर खादर अजून तसाच आहे: वाळू, सरकंड्याची उंच गवते, झाऊची झुडपे, मधून मधून पाण्याच्या जिभा. सरकंडे माणसाच्या दीडपट उंच होते. त्यात दहा पावले आत गेलेला माणूस बाहेरच्याला दिसत नाही. मी हे करून पाहिले आहे. माझा मुलगा बाहेरून हाका मारत होता. मला त्याचा आवाज येत होता, पण तो कोणत्या बाजूला आहे हे सांगता येत नव्हते.

दत्ताजी शिंद्यांचा 1759 चा पावसाळा गंगेकाठी शुक्रतालला गेला. रोहिला सरदार नजीबखान त्यांना गंगेवर नावांचा पूल बांधून देतो म्हणून झुलवत राहिला. लक्षात घ्या, तिथेही प्रश्न नदी ओलांडायचाच होता. तेवढ्यात अब्दाली पंजाबातून उतरला. तरावडीपाशी डिसेंबरात चकमक झाली आणि मग तो यमुना ओलांडून अंतर्वेदीत शिरला आणि नजीबाला घेऊन लोणीकडे आला. दत्ताजी पश्चिम काठावर बुराडीच्या घाटाशी उतार अडवून बसले. जानेवारीचे पाणी, म्हणजे वर्षातले सगळ्यात कमी. नदी पायउतार झालेली. मध्ये बेटे, बेटांवर दाट गवत.

10 जानेवारी 1760. संक्रांत होती. हो, त्या काळी संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास यायची. पृथ्वीच्या आसाच्या गतीमुळे ती दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एकेक दिवस पुढे सरकते. म्हणून पानिपत 14 जानेवारीला झाले म्हणजे संक्रांतीला झाले, असे जे आपण सहज म्हणतो ते चूक. पानिपताच्या वर्षीची संक्रांत लढाईच्या आधीच होऊन गेली होती. संक्रांतीला पडले ते दत्ताजी, आदल्या वर्षी.

नजीबाचे रोहिले बंदुका घेऊन त्या गवतातून पुढे सरकले. मराठ्यांचे बळ घोडा, भाला आणि तलवार. गवतात घोडा आंधळा असतो. भाला फिरवायला जागा लागते, बंदुकीला लागत नाही. गवताच्या आडून गोळ्या येऊ लागल्या तेव्हा कुमकेला कोण कुठे आहे हेच कळेना. दत्ताजी गोळी लागून पडले, जनकोजी दंडात गोळी लागून जखमी झाले. मग नजीबाकडच्या कुतुबशहाने पडलेल्या दत्ताजींना जो प्रश्न विचारला असे सांगतात, आणि त्यांनी जे उत्तर दिले असे सांगतात, ते इथे मी म्हणत नाही. तुम्ही सगळ्यांनी मनात म्हटलेच असेल.

आपण त्या उत्तराचा इतका अभिमान धरतो की ती लढाई का हरलो हे विचारायचेच राहून जाते. शौर्याची कमतरता नव्हती, पुरावा त्या उत्तरातच आहे. कमतरता त्या गवताच्या ओळखीची होती. नजीबाची जहागीर याच अंतर्वेदीत होती. सरकंड्याच्या कोणत्या बेटातून कोणती वाट निघते हे त्याच्या माणसांना माहीत होते.

काही वर्षांपूर्वी मी जगतपूरच्या बाजूला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारले, "दत्ताजी शिंदे का नाम सुना है?" तो खुरप्याने मुळे उपटत होता. त्याने मान वर केली, थोडा विचार केला आणि विचारले, "कौन-सी गली में रहते थे?"

मला हसू आले आणि लगेच ओशाळल्यासारखे झाले. त्याचा प्रश्न बरोबर होता. तिथे अडीचशे वर्षांत एवढी माणसे येऊन राहिली आणि गेली की नाव विचारले की गल्ली विचारावीच लागते.

पानिपताबद्दल फार बोलत नाही, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. पण नदीचे दोन प्रसंग सांगतो. सदाशिवरावभाऊंनी ऑगस्ट 1760 मध्ये दिल्ली घेतली. पुढचे दोन महिने यमुना दोन्ही बाजूंनी भिंत होऊन उभी होती. अब्दाली पलीकडे, भाऊ अलीकडे, मध्ये पावसाळ्याचे पाणी. ऑक्टोबरात भाऊंनी उत्तरेला कुंजपुरा जिंकला आणि पलीकडच्या काठावर अब्दालीला ते बघत बसावे लागले. दसऱ्याच्या त्या दिवसांत पारडे आपले जड होते. आणि मग ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ नदी उतरला. त्याने उपास केला, प्रार्थना करून बाण पाण्यात सोडला आणि नदीने वाट दिली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट राहू द्या. माणसे बुडाली तरी त्याने उतार शोधला, आणि तो उतार दिल्ली आणि भाऊ यांच्या बरोबर मध्ये होता. भाऊंचा दिल्लीशी, म्हणजे रसदेशी, संबंध तुटला. पुढच्या अडीच महिन्यांत सैन्यावर उपासमार आली त्याची सुरुवात बागपतच्या वाळूत आहे. दिल्लीत त्या वेळी नारो शंकर होते, ज्यांच्या देवळाची घंटा नाशिकला गोदाकाठी प्रसिद्ध आहे ते. आज पानिपत आणि बागपत दोन्ही एनसीआरच्या सरकारी नकाशात येतात. बागपतच्या पुलावरून जाताना खाली बघितलेत तर हिवाळ्यात ट्रॅक्टर नदीच्या पात्रातून वाळू भरून नेताना दिसतात.

पानिपतातून जखमी महादजींना बैलावर घालून ज्याने वाचवले तो राणेखान हा भिस्ती होता, पाणी वाहणारा. पुढे तोच शिंद्यांचा सरदार झाला आणि 1788 मध्ये गुलाम कादिरने आंधळ्या केलेल्या बादशहा शाह आलमला त्याच्याच फौजेने सोडवले. महादजींची दिल्ली टिकली ती काही अंशी अशा माणसांमुळे, असे मला वाटते. इथल्या पाण्याशी ज्यांचा रोजचा संबंध होता अशी माणसे त्यांच्या पदरी होती.

शेवटचा प्रसंग माझ्या घराजवळचा. मी पटपडगंजला राहतो. हिंदीत पटपर म्हणजे नदीकाठची सपाट जमीन, जी पावसाळ्यात पाण्याखाली जाते. म्हणजे माझी सोसायटी कशावर उभी आहे हे तिच्या पत्त्यातच लिहिले आहे. फ्लॅट घेताना मी पत्ता नीट वाचला नव्हता. 11 सप्टेंबर 1803 ला इथे, हिंडन आणि यमुनेच्या मधल्या भागात, जनरल लेकची इंग्रज फौज आणि दौलतराव शिंद्यांचे कवायती कंपू समोरासमोर आले. कंपू हा शब्द आपण आता टोळक्याला वापरतो. तेव्हा तो शिस्तीच्या पलटणींचा होता. सेनापती होता लुई बोर्कां नावाचा फ्रेंच. त्याने नदी ओलांडून पूर्व काठावर मोर्चे लावले. पुढे तोफा, पाठीला यमुना. लेकच्या घोडदळाने पळाल्याचे सोंग केले, कंपू मोर्चे सोडून पुढे आले, आणि मागे दडलेल्या पायदळाने संगिनी रोखून हल्ला केला. हरलेल्या फौजेला मागे जायला जागा एकच होती, सप्टेंबरची भरलेली यमुना. पुष्कळ लोक तिच्यात बुडाले. पाच दिवसांनी लेक आंधळ्या शाह आलमला भेटला. डिसेंबरात अमरावती जिल्ह्यातल्या सुर्जी-अंजनगावला तह झाला आणि शिंद्यांनी अंतर्वेदीवर पाणी सोडले. इथे हा वाक्प्रचार जरा जास्तच चपखल बसतो.

त्या लढाईचा इंग्रजांनी 1916 मध्ये उभारलेला स्तंभ नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये आहे. मराठ्यांचा पराभव झाला असे त्यावर कोरले आहे. आसपास मऊ कापलेली हिरवळ, आणि पांढरा चेंडू शोधत फिरणारे लोक.

लढाया संपल्या. खादर राहिला. तिथे आज काय होते ते सांगतो, कारण माझ्या दृष्टीने या मुलखाची संस्कृती तीच आहे. चिल्ला खादर, उस्मानपूर, यमुना बँक मेट्रोच्या खाली, सगळीकडे दिवाळीनंतर पालेज सुरू होते. पालेज म्हणजे वाळूतली फळशेती: कलिंगड, खरबूज, काकडी, भोपळा. आपण धरणाच्या पोटात गाळपेर करतो त्याच जातीची, पण हिच्यात कारागिरी जास्त. वाळूत हातभर खोल चर खणतात, चरात खत आणि गाळ भरतात, म्हणजे मुळाला ओल आणि अन्न दोन्ही मिळते. मग डिसेंबर-जानेवारीत बी लावतात. या थंडीत वेलीला वाचवायचे कसे? चराच्या वायव्येच्या बाजूला सरकंड्याचा तिरपा कूड उभा करतात. वाऱ्याला आडोसा होतो आणि दुपारचे ऊन कुडाखाली अडकून वाळू गरम राहते. दुरून बघितले तर वाळूवर कुणी तिरक्या ओळींनी हजारो छोटे पडदे लावून ठेवल्यासारखे दिसते. ज्या सरकंड्याने दत्ताजींना घेरले त्याचाच हा कूड. उन्हाळ्यात ती काकडी मयूर विहारच्या चौकात पाण्याच्या शिंतोड्याखाली हातगाडीवर विकायला येते.

हे लोक बहुतेक खंडाने किंवा बटाईने जमीन कसतात. त्यांच्याकडे कागद नसतो. पुराचे पाणी चढले की ते मयूर विहारच्या रस्त्याकडेला ताडपत्रीखाली येऊन राहतात, म्हशी दुभाजकाला बांधतात, पाणी उतरले की परत जातात. त्यांना सरकार अतिक्रमण म्हणते. याच खादरात अक्षरधाम आहे, कॉमनवेल्थचे क्रीडाग्राम आहे, मेट्रोचा डेपो आहे. त्यांना विकास म्हणते. यावर मी भाष्य करत नाही, फक्त दोन्ही गोष्टी एका नकाशावर मांडतो.

आणखी एक, लहानशी. राजघाटाजवळ सन्निधी नावाच्या वास्तूत काकासाहेब कालेलकर पुष्कळ वर्षे राहिले. जन्म साताऱ्याचा, शेवट 1981 मध्ये दिल्लीचा. भारतातल्या नद्यांवर आख्खे पुस्तक लिहिणारा माणूस नदीच्या जुन्या काठावरच येऊन राहिला. 2023 च्या पुरात राजघाटाच्या आवारातही पाणी आले होते.

मला दिलेला वेळ संपत आला आहे. उद्या रविवार आहे. ज्यांना खादर बघायचा आहे त्यांनी सकाळी सहाला वजिराबादला, तुघलकांच्या काळातल्या जुन्या पुलापाशी यावे. तिथेच शाह आलम नावाच्या फकिराचा दर्गा आहे. तो बादशहा वेगळा, हा वेगळा, रिक्षावाल्याशी वाद घालू नका. तिथून बांधावरून जगतपूरकडे चालत जाऊ. चपला नकोत, बूट घाला. पाण्याची बाटली आणा. आणि लहान मुलांना सरकंड्यात शिरू देऊ नका.